एक झेंडा की दोन

माझा नवरा नगरसेवक आहे. तोही जर्मनीत. हे ऐकलं की भारतातले लोक आधी हसतात, मग विचारतात, "कुठल्या पक्षाचा?" मी सांगते, कुठल्याच नाही. "मग निवडून कसा आला?" मी सांगते, बाकडी उचलून. इथपर्यंत आलं की समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीने बघायला लागतो. आणि मुख्य गोष्ट तर मी अजून सांगितलेलीच नसते, की हे सगळं सुरू झालं ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलपायी.

आम्ही राहतो ते गाव स्टुटगार्टच्या एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, टोकाला आहे. डोंगरउतारावरचं गाव. एक तर चढायचं, नाहीतर उतरायचं. सपाट जागा म्हणून काय ती खाली ओढ्याकाठची एकमेकांना लागून असलेली दोन मैदानं. नवरा गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. नवरा म्हणतो, हिला घरीही ओव्हरटाइम करायची सवय आहे.

तो मूळचा येवल्याचा. येवल्याचा माणूस आणि पतंग वेगळे काढता येत नाहीत. लहानपणी कटलेला पतंग धरायला पोरांच्या घोळक्यात सगळ्यांच्या डोक्यांवरून उडी मारायची आणि खाली पडायच्या आत पतंग पोटाशी धरायचा, यात म्हणे त्याचा हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता. लग्न ठरल्यावर त्याने हे मला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं आणि मीही कौतुकाने ऐकलं होतं. या गुणाचा संसारात काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. झालाही नाही. झाला तो ऑस्ट्रेलियाला.

त्याच्या कंपनीची उन्हाळी सहल होती. कोणीतरी फ्रिस्बी फेकली आणि नवऱ्याने चार धिप्पाड जर्मनांच्या खांद्यांवरून झेप घेऊन ती धरली. एकाच्या बिअरचा ग्लास गेला. तिथे एक ऑस्ट्रेलियन सहकारी उभा होता, श्वाबिश, म्हणजे इथल्याच, बायकोमुळे या भागात कायमचा अडकलेला. तो धावत आला, नवऱ्याचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "रविवारी काय करतोस?" नवरा खरं बोलला. म्हणाला, "झोपतो." त्यानंतर तो एकाही रविवारी झोपला नाही, आणि मलाही झोपू दिलं नाही.

आता हा खेळ म्हणजे काय ते सांगायलाच हवं, कारण मलाही तो समजायला एक पूर्ण हंगाम लागला. चेंडू लांबट, मैदानही लांबट गोल, आणि एवढं मोठं की दोन साधी मैदानं जोडल्याशिवाय भागत नाही. चेंडू फेकायचा नाही; लाथ मारायची नाहीतर मूठ. उंच आलेला चेंडू अधांतरी झेलला, की सगळे गुमान बाजूला होतात आणि झेलणाऱ्याला निवांत लाथ मारू देतात. इथे येवलं कामाला आलं. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर गोल, त्याचे सहा गुण. नेम चुकून तो मधल्या आणि बाजूच्या खांबामधून गेला, तर एक गुण. म्हणजे चुकलं तरी गुण! मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, हा खेळ तुझ्यासाठीच काढलाय."

कपडे म्हणाल तर बिनबाह्यांचा बनियन आणि आखूड हाफपँट. चाळिशीला टेकलेला, दोन वेळा वरणभात जेवणारा माणूस त्या वेशात जिना उतरायला लागला की मी दार आधी किलकिलं करून शेजारी कोणी नाही ना ते बघायचे. त्याने पहिला फोटो येवल्याला पाठवला, तेव्हा सासूबाईंचा फोन मला आला. "अगं, तिकडे एवढी थंडी, आणि त्याला अंगभर कपडे नाहीत का मिळत?" मी म्हटलं, "अहो आई, मिळतात. त्याला नकोत." आमची मुलगी मराठी सगळं समजते, पण उत्तर जर्मनमधून देते. तिने बापाकडे एकदा नखशिखांत बघितलं आणि एकच शब्द बोलली, "पाइनलिश." म्हणजे लाजिरवाणं. बाप खूश होऊन मैदानावर गेला.

पण थट्टा पुरे. त्या मैदानाने त्याला काय दिलं ते मी बघत होते. ऑफिसात त्याला मान होता, नाही असं नाही. पण इतक्या वर्षांत जेवायच्या सुट्टीत कोणी त्याच्या टेबलाशी थांबून "चल" म्हटलं नव्हतं. सगळे सभ्य, सगळे हसतमुख, आणि सगळे आपापले. रविवारी मात्र तो उतारावरून खाली दिसायला लागला की मैदानावरून त्याच्या नावाने आरोळी यायची. इथे आल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या नवऱ्याची वाट बघत होतं. त्या आरोळीसाठी मी माझी रविवारची झोप सोडली, एवढंच सांगते.

सोडली म्हणजे कशी सोडली, तेही ऐका. या खेळात गोलच्या खांबांमागे एक वेगळा अंपायर लागतो. पांढरा कोट घालायचा, दोन हातांत दोन पांढरे झेंडे. गोल झाला तर दोन्ही झेंडे हलवायचे, नेम चुकून एकच गुण मिळाला तर एक. चेंडू मधल्या खांबाला नुसता चाटून गेला, तरी गोल नाही, एकच झेंडा. एका रविवारी अंपायर आला नाही, आणि ऑस्ट्रेलियनने मला विचारलं. मी म्हटलं, मला खेळातलं काही कळत नाही. तो म्हणाला, "कळायची गरज नाही, फक्त बघायचं." हे तर माझं रोजचंच काम. तेव्हापासून मी खांबांमागे. कोट कोणा लॅबवाल्या खेळाडूचा होता आणि खांद्यात मला इतका सैल, की लांबून मी वाळत घातलेल्या चादरीसारखी दिसायचे. पण सांगते, माझ्या झेंड्यावर कधी कोणी वाद घातला नाही. एकदा सोडून.

तो सामना बर्लिनहून आलेल्या संघाशी होता. नवऱ्याचा खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम. गुडघ्यांनी नोटीस दिलेली. शेवटची काही मिनिटं उरली होती, आपली मंडळी थोडक्यात मागे होती, एक गोल झाला की जिंकणार. आणि चेंडू उंच आला. तिघांच्या डोक्यांवरून हा उडाला. काय उडाला! मला येवल्याच्या घराची पतंगांची गच्ची दिसली, जी मी लग्नानंतर एकदाच पाहिली होती. त्याने चेंडू पोटाशी धरला, सगळे बाजूला झाले, आणि याने शांतपणे लाथ मारली. चेंडू माझ्याकडेच येत होता. उजव्या खांबाच्या अगदी आतून माझ्या डोक्यावरून गेला. सगळं मैदान ओरडत मध्ये धावलं.

मला टिक् ऐकू आलं. मोठा आवाज नव्हता. ॲल्युमिनियमच्या नळीला नख लागावं तेवढा. पण आला होता.

नवरा पलीकडून माझ्याकडे बघत होता. तो चेहरा मी ओळखते. सासरी मी पहिल्यांदा पुरणपोळी केली तेव्हा ती फाटली होती, आणि सासूबाई यायच्या आत मी याच्याकडे असंच बघितलं होतं. मी एक झेंडा उचलला.

आपण हरलो. खांबाचा आवाज आला असं मी सांगितलं, तेव्हा ऑस्ट्रेलियनने माझ्याशी हात मिळवला आणि बाकीच्यांनी पाठीवर थाप मारली. घरचं दार उघडल्यावर नवरा म्हणाला, "कसला आवाज? कोणालाच नाही ऐकू आला."

"मला आला."

"तू खांबापासून लांब होतीस."

"मी खांबाखाली होते रे!"

"वाऱ्याने वाजला असेल."

हा वाद आमच्या घरी पुढे कित्येक महिने चालला. पोह्यांत मीठ कमी पडलं, की "तुला वाटतंय तसं, तुला आवाजही ऐकू येतात." माझी चावी सापडली नाही, की "खांबाला विचार." नातेवाइकांसमोर, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात, चारचौघांत तो हे सांगायचा आणि लोक हसायचे. मीही हसायचे. पण मागे हटले नाही. मला ऐकू आला तो आला.

आणि मग कुंपणाची बातमी आली.

गावातल्या मोठ्या फुटबॉल क्लबला कृत्रिम गवताचं मैदान हवं होतं. त्यांचंही खोटं नव्हतं. त्यांची पोरं हिवाळाभर चिखलात लोळत होती. गावाने ठरवलं, आपल्या दोन मैदानांपैकी एकावर ते करायचं. अशा मैदानाला चारी बाजूंनी उंच कुंपण लागतं. म्हणजे दोन मैदानांच्या मधोमध कुंपण, आणि आमचा खेळ खलास. फायर ब्रिगेडच्या मागे एक जागा वर्षानुवर्षं ओस पडली होती. कृत्रिम गवत तिथे करा, दोघांचंही भागेल, असं फेराइनचं, म्हणजे आमच्या खेळाच्या संघटनेचं म्हणणं. पण ते म्हणणार कुठे? त्यासाठी गेमाइंडेराटमध्ये, म्हणजे गावच्या नगरपरिषदेत, कोणीतरी आपला माणूस हवा.

ऑस्ट्रेलियनला उभं राहता येईना, त्याचा पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा. बाकीचे खेळाडू आजूबाजूच्या गावांतून येणारे. गावात राहणारा आणि जर्मन पासपोर्टवाला असा सगळ्या संघात एकच निघाला. भारताचा पासपोर्ट परत करून आल्यावर जो संध्याकाळभर न जेवता बसला होता, तो. असा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा उमेदवार येवल्याचा ठरला.

कुठल्याही पक्षात नसलेल्या गावकऱ्यांची एक यादी होती, तिने याला घेतलं, आणि यादीच्या अगदी शेवटी टाकलं. शेवटी म्हणजे रिकामी जागा भरायला. फोनवर सासूबाई म्हणाल्या, "अरे, सतरंज्या उचलणाऱ्याला कोणी तिकीट देतं का?" त्यांना वाटलं, त्या लेकाला समजावताहेत. त्यांना हे माहीत नव्हतं, की त्यांचा लेक खरोखरच उचलतो.

आमच्या गावाच्या उन्हाळी जत्रेत प्रत्येक फेराइनला एक काम वाटून दिलेलं असतं. जुन्या फेराइनांकडे मानाची कामं, कोणाकडे बिअर, कोणाकडे केक. आमचं सगळ्यांत नवं, म्हणून आमच्याकडे तंबू उभारणं आणि लाकडी बाकडी लावणं-उचलणं. जत्रा संपल्यावर सगळं गाव झिंगत घरी जायचं आणि माझा नवरा दोन्ही खांद्यांवर बाकडी घेऊन ट्रककडे. दरवर्षी. पावसातही. त्याला वाटायचं, कोणाचं लक्ष नाही.

प्रचार मात्र त्याने केला तो स्टुटगार्टच्या मराठी मंडळाच्या गणपतीत! आरतीनंतर माइक घेऊन बोलला. टाळ्या काय, शिट्ट्या काय. "दादा, आपली सगळी मतं तुम्हालाच," असं प्रत्येक जण हात हातात घेऊन सांगत होता. घरी येताना गाडीत हा हवेत. मी आमच्या गावचं स्टेशन दिसेपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, "त्यांच्यातलं आपल्या गावात कोण राहतं?" तो विचार करायला लागला. "आणि जर्मन पासपोर्ट कोणाकडे आहे?" तो आणखी विचार करायला लागला. सगळी माणसं ब्लू कार्डावर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेली, स्टुटगार्टात राहणारी. मत देणारा एकही नव्हता. मुलगी मागच्या सीटवर इतकी हसली की तिला उचकी लागली.

पण इकडच्या गावच्या निवडणुकीत एक गंमत आहे. मतपत्रिका आधी घरी येतात, चादरीएवढ्या लांबरुंद, आणि लोक कॉफीच्या टेबलावर पसरून निवांत भरतात. शिवाय आवडत्या एका माणसाला तीन मतं देता येतात, मग तो यादीत वर असो की तळाला. आमच्या तळमजल्यावर एक आजीबाई राहतात. जिना धुवायची पाळी कोणाची आणि कोणी कोपरे सोडले यावर त्यांची नजर असते; आमच्यावर तर विशेष. त्या एके दिवशी नवऱ्याला जिन्यात अडवून म्हणाल्या, "आल्झो, तर मी तुम्हाला तिन्ही दिली. माझ्या बहिणीनेही. जो बाकडी मोजून ट्रकमध्ये ठेवतो, तो रस्त्यावरचे खड्डेही बघेल." गावात असा विचार करणाऱ्या पुष्कळ बहिणी निघाल्या. यादीच्या तळाचा माणूस वरच्यांना मागे टाकून निवडून आला.

येवल्यात दिरांनी चौकात फ्लेक्स लावला. "जर्मनीचे नवनिर्वाचित नगरसेवक, आपल्या गल्लीचा ढाण्या वाघ." फोटो त्यांना एकच सापडला, बनियन आणि हाफपँटमधला. सासूबाईंनी फ्लेक्स उतरवायला लावला नाही. त्यांनी दिरांना पाठवून फोटोच्या खालच्या अर्ध्या भागावर झेंडूची माळ घालायला लावली. आता बोला!

मी घरात त्याला नगरसेवकसाहेब म्हणायला लागले. "नगरसेवकसाहेब, कचऱ्याचा डबा." आणि नगरसेवकसाहेब खरंच कामाला लागले. एकेका सदस्याला भेटून, कॉफी पिऊन, फायर ब्रिगेडमागची ती जागा पायी दाखवून, त्याने आपला प्रस्ताव पुढे नेला. मुलगी त्याचं भाषण पाठ करून घ्यायची आणि शब्दाच्या लिंगाचा 'डेर', 'डी', 'डास' चुकला की टेबलावर पेन्सिल आपटायची. त्या भाषणात एक वाक्य होतं, की या गावात मी वर्षानुवर्षं राहत होतो, पण गावाने मला हाक मारली ती त्या मैदानावरून. त्या वाक्याला मुलगी पेन्सिल आपटायची नाही.

या धावपळीत फेराइनची वार्षिक सभा आली. नवरा तिथे उपाध्यक्ष होता. म्हणाला, आता मला दोन्हीकडे वेळ पुरणार नाही, पद सोडून येतो. गेला. आता जर्मन फेराइनच्या सभेत पद रिकामं झालं की काय होतं ते इथे राहिलेल्यांना माहीत आहे. अध्यक्ष विचारतो, "कोण तयार आहे?" आणि सगळी सभा आपापल्या बुटांकडे बघायला लागते. शांतता वाढत जाते. जर्मन माणूस ती शांतता तासभर सहन करू शकतो. आपल्या माणसाला ती मिनिटभर झेपत नाही. घरी आला तेव्हा मी विचारलं, "दिलास राजीनामा?" तो जॅकेट काढता काढता म्हणाला, "बिनविरोध निवडून आलो." मी जमिनीवर बसून हसले. अजून आठवलं तरी हसू येतं. म्हणजे परवापरवापर्यंत यायचं.

प्रस्तावाच्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच राटहाउसच्या, म्हणजे नगरपरिषदेच्या इमारतीतल्या, सभागृहात गेले. लांबट टेबल, सोड्याच्या बाटल्या, आणि मागे प्रेक्षकांच्या खुर्च्या. ऑस्ट्रेलियन आणि संघातले काही जण आले होते, मुलगी होती, आणि माझ्या शेजारी तळमजल्याच्या आजीबाई, ठेवणीतला कोट घालून. नवऱ्याने लग्नातल्या रिसेप्शनचा सूट घातला होता. बटण लागत नव्हतं, पण ते टेबलामागे झाकलं होतं. भाषण त्याने खिशातून काढून समोर ठेवलं. किती सदस्य आपल्या बाजूचे याचा त्याने घरी अंदाज बांधला होता. काठावरचं होतं. पण होत होतं.

महापौरबाईंनी आमचा विषय पुकारला आणि सवयीने, मान वर न करता विचारलं, "कोणी बेफांगन आहे का?"

मी आजीबाईंना हळूच विचारलं, म्हणजे काय? त्या कुजबुजल्या, "ज्याचा स्वतःचा संबंध येतो तो. स्वतःचं घर, जमीन, नाहीतर संबंधित फेराइनचा पदाधिकारी असेल तर. मग त्या विषयात बोलायचं नाही, हात वर करायचा नाही. उठून इकडे आपल्यात येऊन बसायचं. विचारतात दरवेळी, उठत कोणी नाही."

 पदाधिकारी. बिनविरोध!

नुसता सभासद असता तर प्रश्न नव्हता. तो त्या संघातला हे गावाला माहीतच होतं. पण उपाध्यक्ष आहे हे आमच्या मंडळींखेरीज कोणाला माहीत होतं? फेराइनच्या फलकावर नाव फक्त अध्यक्षाचं. हा प्रश्न नवऱ्याने प्रत्येक सभेत ऐकला होता आणि घर, जमीन असल्यांसाठी तो आहे असं समजून सोडून दिला होता. आत्ता मात्र त्याच्या हातातलं पेन थांबलेलं मला दिसलं. त्याने समोरच्या कागदांतून नियमांची पुस्तिका काढली, एक पान वाचलं, आणि वर बघितलं. सगळ्या सभागृहातून नेमकं माझ्याकडे.

तोच चेहरा.

आणि मी, जिने खांबाखाली उभं राहून त्याच्या आयुष्यातला सगळ्यांत सुंदर गोल नाकारला होता, ती मी मनातल्या मनात ओरडत होते, बस. बस रे, गप बस. उठू नकोस. कोणाला कळतंय? एकदाच हात वर कर आणि मग दे सोडून ते मेलं उपाध्यक्षपद. मी डोळ्यांनीही सांगितलं असेल. मला झेंड्यांची आठवण झाली नाही, खांबाची झाली नाही. मला फक्त ती रविवारची आरोळी हवी होती, त्याच्या नावाची.

महापौरबाई म्हणाल्या, "तर मग कोणी नाही."

"आहे," नवरा म्हणाला. "मी."

त्याने भाषणाची घडी घातली, खिशात ठेवली आणि उठला. सूटचं उघडं बटण सगळ्यांना दिसलं. टेबलाला वळसा घालून तो आमच्याकडे आला, आजीबाईंनी पाय आत घेऊन त्याला वाट दिली, आणि तो माझ्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर बसला.  मुलीने पुढे वाकून एकदा बापाकडे बघितलं.

चर्चा झाली. त्याच्या बाजूचे लोक चांगलं बोलले, पण त्याचं ते वाक्य बोलणारं तिथे कोणी नव्हतं. मग हात वर झाले. महापौरबाईंनी मोजले, शेजारच्या कारकुनाने मोजले, परत मोजले. बरोबरी. आणि नियम असा, की बरोबरी झाली म्हणजे प्रस्ताव पडला.

ऑस्ट्रेलियनने तोंडावरून हात फिरवला. पुढचा विषय स्मशानभूमीतल्या नळाचा होता, तो सुरूही झाला. नवरा समोर बघत होता. मला त्याचा हात धरायचा होता, पण मला वाटलं, आत्ता धरला तर मीच रडेन.

तेवढ्यात तो माझ्या कानाशी वाकला. मराठीत, अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशी खांबाला लागला होता. मलाही ऐकू आला होता."

मी म्हटलं, "माहीत आहे रे."

कुंपणाचे खांब शरद ऋतूत आले. पण त्याआधी एक रविवार राहिला होता. त्या दिवशी सामना नव्हता, नुसताच शेवटचा खेळ, आणि माझ्या नगरसेवकाने दुखऱ्या गुडघ्यांनी तो लांबट चेंडू लाथाडला. तो मधल्या खांबांच्या कितीतरी बाहेरून, ओढ्याच्या दिशेने गेला. एक गुणही मिळू नये इतका बाहेरून. मी दोन्ही झेंडे उचलले आणि हात दुखेपर्यंत हलवले.